साताऱ्याचं मशीन, सांगलीतला पडदा

आधीच सांगून टाकते, मी जे मांडलं होतं ते टिकलं नाही. वाचणाऱ्याला आशा लावायची आणि शेवटाला हात झटकायचे, हे मला जमत नाही. तेव्हा ज्यांना गोड शेवट लागतो त्यांनी इथंच थांबावं. बाकीच्यांनी बसा, सांगते.

आम्ही सांगलीत राहायचो, दोन खोल्यांत. मूलबाळ नाही, त्यामुळं दोघंच. हे छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे उचलून उलटी अक्षरं जुळवायची, त्यात त्यांची हयात गेली. मी मॅट्रिक, टायपिंगच्या दोन परीक्षा. पुढं एका कॉम्प्युटरच्या दुकानात टायपिस्ट म्हणून लागले. मालक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला 'काकू' म्हणायचे. बिलं टाईप करायची, चहा सांगायचा, फोन घ्यायचा, एवढंच काम.

मग मशीनकडं कशी वळले ते सांगते. दुकानानं साखर कारखान्यांना मोठी मशीनं बसवून दिली होती. बसवणारा इंजिनिअर पुण्याचा, तो सहा महिन्यांत चांगली नोकरी बघून गेला. मालकांना विकायचं कळायचं, चालवायचं कळायचं नाही. मागं राहिली ती खोकाभर इंग्रजी पुस्तकं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी एकेक काढून वाचायला लागले. शेजारी डिक्शनरी आणि दोनशे पानी वही. एक ओळ वाचायची, तसं करून बघायचं, मशीननं शिवी दिली की मागं फिरायचं, दुसरं करून बघायचं. कुणी शिकवलं नाही की कुणी परीक्षा घेतली नाही. दोन वर्षांनी कारखान्यातून फोन आला की मालक म्हणायचे, "थांबा, काकूंना देतो." छातीत काय व्हायचं म्हणून सांगू! चाळिशी उलटलेल्या बाईला तोवर कुणी एखाद्या गोष्टीसाठी असं थांबलेलं नव्हतं.

आता ज्या मशीनवर हे सगळं घडलं त्याचं सांगते. साताऱ्याच्या पलीकडं एक कारखाना आमचं गिऱ्हाईक होता. तिथं काचेच्या खोलीत एक मुख्य मशीन, आणि त्याच्या तारा काट्यावर, शेतकी खात्यात, गेटवर अशा आठ पडद्यांपर्यंत गेलेल्या. कुणाच्या उसाची लागण कधीची, कुणाच्या उसाला तोड कधी, तोडणी मजुरांची कुठली टोळी कुठल्या शिवारात जाणार, सगळं त्या एका मशीनच्या पोटात. तोडणीच्या चिठ्ठ्या त्यातूनच निघायच्या.

त्याला एक खोड होती. कारखान्याची वीज इकडून तिकडं बदलताना दिवे क्षणभर मिचकायचे. बॅटऱ्या जुन्या, त्या धीर सोडायच्या. मशीन पडायचं, परत उठायचं, आणि उठता उठता अर्ध्यावर थांबून विचारायचं, की माझ्या पोटातली मांडणी विस्कटली आहे, नीट करू का? हो किंवा नाही सांगा. हा प्रश्न आठ पडद्यांवर कुठंच दिसायचा नाही. तो फक्त काचेच्या खोलीतल्या मुख्य पडद्यावर. तिथं 'वाय' हे एक अक्षर दाबलं की काम पुढं सुरू. त्या एका अक्षरासाठी मी सांगलीहून एस.टी.नं कराड, तिथून सातारा, तिथून वडापच्या जीपमध्ये पाय दुमडून कारखाना, असा अर्धा दिवस प्रवास करायची.

तुम्ही म्हणाल, तिथलंच कुणी दाबेल की. तर ते मीच बंद केलं होतं. मागं एकदा एका क्लार्कनं घाईघाईत काहीबाही दाबलं आणि दोन गावांच्या लागणींच्या तारखा पुसून गेल्या. शेतकरी शेतकी खात्यात येऊन नुसते आई-बापावर उतरले होते. त्यानंतर मी स्केचपेननं मोठ्या अक्षरांत पुठ्ठा लिहून खोलीच्या दारावर लावला, 'बाईंशिवाय कोणीही हात लावू नये'. लिहिताना काळजी होती हे खरं. पण थोडा तोराही होता, तो लपवून काय करू? आपल्यावाचून अडतंय ही चव फार वाईट. एकदा लागली की सुटत नाही.

पुढं उन्हाळ्यात ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं जवळजवळ गेलं. 'पाणी', 'नको' आणि माझी हाक, एवढं राहिलं, तेही तोंडात फेस असल्यासारखं. मिरजेच्या डॉक्टरांनी बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, सुधारणा धरून चालू नका, आणि दुसरा झटका कधीही येऊ शकतो. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भीती बसली. हे जातील तेव्हा मी साताऱ्याच्या गाडीत असेन. कुठं पेठनाक्याला गाडी थांबलेली असेल, मी खिडकीतून वडेवाल्याला हाक मारत असेन, आणि इकडं हे एकटे. आणि नोकरी सोडावी म्हटलं तर घर कशावर चालवायचं? शिवाय, ते मशीन सोडलं असतं तर माझ्याजवळ माझं म्हणून काय उरलं असतं? हेही खरंच आहे.

पावसाळ्यात तीनदा जावं लागलं. शेजारच्या वहिनी बघायच्या, पण त्यांचं त्यांचं घर होतं, सासू होती, दळण होतं. एकदा मी परत आले तर ह्यांचे ओठ कोरडे ठक्क. तांब्या डाव्या हातापासून वीतभर लांब सरकला होता. दिवसभर त्या तांब्याकडं बघत पडून होते.

त्या आठवड्यात मी पुस्तकं परत उपसली. आणि एका जाड पुस्तकात मला दोन पानं सापडली. त्यात होतं, की मुख्य पडदा मशीनला चिकटलेलाच पाहिजे असं नाही. मशीनला आधीच सांगून ठेवलं तर ते उठताना जे काही बोलतं, विचारतं, ते सगळं मुख्य पडद्याबरोबरच मागच्या एका भोकातूनही तारेवर सोडतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला साधा पडदा आणि कीबोर्ड असला की झालं. आणि ती तार मोडेम नावाच्या डब्यातून टेलिफोनला जोडली, तर दुसरं टोक कुठंही असू शकतं. कुठंही! मी ती ओळ बोटानं तीनदा वाचली. कुठंही म्हणजे आमच्या पलंगाच्या कडेलासुद्धा.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "काकू, पुण्याच्या कंपन्या असलं करून देतात. पण त्यांचा नुसता आकडा ऐकला तर कारखान्याचे डायरेक्टर आपल्यालाच उसाबरोबर गव्हाणीत टाकतील."

"मला नवीन नकोच," म्हटलं. "जुन्यातून करते. दोन मोडेम आणि एक टाकाऊ पडदा द्या."

"आणि नाही झालं तर?"

"नाही झालं तर एस.टी. आहेच की. ती काय बंद पडलीय?"

मालक मनाचे चांगले. एका ऑफिसानं टाकून दिलेले दोन मोडेम त्यांनी आणून दिले. एकाला झाकण नीट बसत नव्हतं. पडदा होता हिरव्या अक्षरांचा, कीबोर्डाची दोन बटणं उडालेली. तारेची मात्र गंमत झाली. विकतची तार परवडेना, म्हणून मी बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं बसून तारांना कथलाचा डाग द्यायला शिकले. पडदा थेट मशीनला जोडायच्या तारेत दोन धागे उलटसुलट जोडायचे असतात आणि मोडेमच्या तारेत सरळ. मी दोन्हीकडं उलटसुलट जोडले आणि चार दिवस बसून राहिले, काही म्हणजे काही होईना. शेवटी रेडिओवाला म्हणाला, "वहिनी, तुम्ही आणि मशीन दोघंबी एकाच टायमाला बोलताय. ऐकतंय कोण?" परत सगळं सोडवलं, परत जोडलं. बोटाला फोड आली.

मग कारखान्यात जाऊन एक मोडेम मुख्य मशीनच्या मागं बसवला. मशीनच्या पाठीला नऊ भोकं, सगळी एकसारखी. त्यातलं आपलं कुठलं ते चुकू नये म्हणून मी प्रत्येकावर स्केचपेननं आकडे घातले. मोडेमला शिकवलं, की दोनदा घंटी वाजली की आपण होऊन फोन उचलायचा. त्या फोनला बाकी कुणी हात लावायचा नाही म्हणून तिथले शिपाईमामा, साठीला टेकलेले, पांढरी टोपी, त्यांना समोर उभं करून सांगितलं.

मामा म्हणाले, "आवं बाई, म्हंजी हा डबा तुमच्यासाटी फोनवर बोलनार?"

"हो मामा."

"मग तुमी आता यायच्या न्हाई?"

"गरज पडली तर येईन की."

"च्या कुणाला करायचा मग आमी?" असं म्हणून मामा हसले, पण डब्याकडं त्यांनी जरा मान तुकवल्यासारखं केलं. मला तेव्हा ते गोड वाटलं.

घरी येऊन पलंगाच्या उशाशी टेबल मांडलं. त्यावर हिरवा पडदा, दुसरा मोडेम, फोन. दुपारी जेवणं उरकून मी नंबर फिरवला. आमची सांगलीची लाईन म्हणजे पत्र्यावर खडे टाकल्यासारखी खरखर. मोडेम किंचाळला, पलीकडचा किंचाळला. पहिल्यांदा अक्षरांचा नुसता चिवडा आला. वेग कमी केला, परत लावला. परत चिवडा. आणखी कमी केला. आणि मग एकेक अक्षर, मुंगीच्या चालीनं, पडद्यावर साताऱ्याचं मशीन बोलायला लागलं.

ह्यांनी मान वळवली होती. जन्मभर अक्षरं जुळवलेला माणूस, ती एकेक येताना बघून डोळे लावून बसले. एका ओळीत मध्येच एक अक्षर चुकीचं उमटलं, लाईनच्या खरखरीनं. ह्यांनी डावा हात उचलून त्या अक्षरावर बोट नेलं आणि 'नको' म्हणाले. छापखान्यात प्रूफ तपासताना असंच करायचे. मला एकदम इतकं हसू आलं, आणि ते हसता हसता कुठल्या कुठं गेलं.

पुढच्या पंधरवड्यात मशीन दोनदा पडलं. दोन्ही वेळा मी पलंगाच्या कडेला बसून 'वाय' दाबलं. दुसऱ्या वेळी एका हातात ह्यांना भरवायचा भाताचा घास होता. भादव्यातले ते पंधरा दिवस मी खरंच मानलं होतं, की सुटलं. वहिनींना म्हटलंसुद्धा, "आता मी कुठं जात नाही बाई."

मग आश्विन लागला.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ज्याच्या हातात जे हत्यार, ते घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याला विश्रांती. कारखान्यात तर हा मोठा दिवस. हंगाम तोंडावर, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बॉयलर पेटणार. फिटरचे पाने, काट्यावरची वजनं, टायपरायटरसुद्धा पाटावर. दरवर्षी ह्या दिवशी मी तिथं हजर असायची, मुद्दाम. काचेच्या खोलीत मीच कुंकवाचं एक बोट मशीनच्या पाठीवर टेकवायची आणि बाकीच्यांना नारळाच्या पाण्यासकट बाहेरच थोपवायची. त्या वर्षी गेले नाही. जायची गरजच उरली नव्हती ना! फोन करून एवढं बजावलं, की मशीन आधी नीट बंद करा, आणि पूजा बाहेरूनच. मोडेमचं बोलायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. तो माझ्या लेखी एक जुना डबा होता.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून फोन, की दिवे मिचकले, मशीन बसलंय, आणि टोळ्या येऊन उतरल्यात, पहिल्या तोडीच्या चिठ्ठ्या आजच पाहिजेत. "काळजी नको, पाच मिनिटांत करते," असं म्हणून मी ऐटीत नंबर फिरवला. घंटी वाजली. दोनदा, दहादा, वीसदा. पलीकडं कुणी उचलेना. परत लावला. ह्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

ऑफिसच्या दुसऱ्या नंबरावर लावला. शिपाईमामांनीच घेतला.

"मामा, माझा डबा बघा बरं, त्यावरचा लाल दिवा लागलाय का?"

"दिवा? आवं, तेलाचा लावला हुता की नवमीला. त्यो कवाच विझला."

"तेलाचा नाही हो मामा! डब्याचा स्वतःचा. डबा कुठाय?"

"देवाजवळ हाय. फोटूच्या म्होरं. लय झ्याक पूजा बांधली बाई, तुमी बगायला पायजे हुती. साहेबसुदिक म्हनले, बाईंचं हत्यार मधी ठेवा, त्येच्या जिवावर हंगाम हाय."

मी डोळे मिटून घेतले. "काढलात तुम्ही तो तिथनं?"

"मग? धुतल्याबिगर पुजा व्हती व्हय? समद्या हत्यारांवानी त्योबी पुसला. झाकन सैलच हुतं, आत लय धूळ हुती. वल्या फडक्यानं आतनं चांगला सोच्छ केला. मशीनची पाठबी पुसली, कुनीतरी पेनानं आकडे खरडले हुते, ती घान समदी काडली."

ती घाण माझी होती. नऊ भोकांवरचे माझे नऊ आकडे.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. डबा आणायला लावला, वीज जोडायला लावली. दिवा नाही. पाच मिनिटं थांबून परत लावायला लावली. दिवा नाही. मामा म्हणाले, "थोडं कुकू ग्येलंय आत, ऱ्हावू दे का काडू?" मग मी शेतकीच्या हेडक्लार्कना फोनवर घेतलं. म्हटलं, साहेब, मुख्य पडद्यावर जाऊन फक्त 'वाय' दाबा, मी फोनवर आहे.

"नाही बाई," ते म्हणाले. "दारावर पुठ्ठा आहे तुमचा."

"अहो, मीच सांगतेय ना आता!"

"तुम्ही तोंडी सांगताय. उद्या तारखा गेल्या तर शेतकरी माझी गचांडी धरतील. मागच्या वेळी तोंड पोळलंय आमचं. तुम्ही या. जीप पाठवतो सातारा स्टँडवर."

माणसं वाईट नव्हती हो. हेच तर माझं दुखणं आहे. कुणी वाकडं वागलं असतं तर मी त्यांच्यावर चिडले असते, भांडले असते, मोकळी झाले असते.

दुसरा मोडेम घेऊन जावं तर घरचा एकच, तो तिकडं नेला की इकडं काय? आणि नेऊन बसवला तरी आजचं 'वाय' दाबायला मला जावंच लागणार होतं. वहिनींना रात्रीचं बघायला सांगितलं. मग ह्यांच्यापाशी बसले आणि सांगितलं, "जाऊन येते. उद्या सकाळी परत." ह्यांनी 'नको' म्हटलं. स्पष्ट. त्या दिवसाइतकं स्पष्ट झटक्यानंतर कधी बोलले नव्हते. मी ऐकलं, आणि चपला घातल्या.

दसऱ्याच्या सुटीनंतरची गर्दी, कराडपर्यंत उभी. पेठनाक्याला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीकडं बघितलंच नाही. कारखान्यात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. काचेच्या खोलीत उदबत्तीचा वास, मशीनच्या डोक्यावर सुकलेला झेंडू. मी 'वाय' दाबलं. मशीननं चुरूचुरू करत आपलं पोट लावून घेतलं, आणि काट्यावरचे, गेटवरचे पडदे एकेक करून जागे झाले. हेडक्लार्क म्हणाले, "बघा, तुमच्या हातालाच गुण आहे." मोडेमचं झाकण उघडून बघितलं. आतल्या पार्टांच्या बारीक पायांवर हिरवट गंज चढायला लागला होता आणि कोपऱ्यात कुंकू ओलं होऊन थिजलेलं.

शिपाईमामा चहा घेऊन आले. सोबत कागदात बांधलेला नारळाचा तुकडा.

"नवमीचा परसाद. तुमच्या वाटनीचा राखून ठिवलाय. तुमचं घरधनी कसं हायत?"

"आहेत," म्हटलं.

"डबा बिगडला म्हनत्यात साहेब. माझ्याच्यानं काय चुकलं का बाई?"

त्यांनी माझ्या हत्याराला पाटावर मधोमध बसवलं होतं. माझ्या कामाचा एवढा मान माझ्या माहेरीसुद्धा कुणी केला नव्हता. "नाही मामा," म्हटलं, "जुनाच होता." आणि तो नारळ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले, घरी पोचायला साडेदहा-अकरा झाले. वहिनी दारातच भेटल्या. "अहो, पहाटे नळाला पाणी आलं, मग सासूबाईंना उलट्या, मला आत यायलाच झालं नाही सकाळपासून." मी आत गेले. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. अंथरूण ओलं, आणि ते ओलं होऊन बराच वेळ झालेला, कडा वाळायला लागलेल्या. पाठीला कातडी सोललेली दिसली. मी ऊन पाणी आणलं, पुसलं, कपडे बदलले. ह्यांनी एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाही. रागानं नव्हे. लाज वाटत होती त्यांना. जन्मभर शाईचा एक डाग सदऱ्यावर पडू न दिलेला माणूस.

त्याच दुपारी दुकानात जाऊन मालकांना चाव्या दिल्या. ते म्हणाले, "काकू, दुसरा मोडेम बघतो की मी. महिनाभर कळ काढा."

"बघा," म्हटलं, "ज्याला लागेल त्याला द्या."

त्यांनी पुढं इचलकरंजीचा एक शिकलेला इंजिनिअर ठेवला. तो मोटरसायकलवर जायचा. दोन-तीन हंगामांनी कारखान्यानं सगळी मशीनंच बदलली असं ऐकलं. पुठ्ठ्याचं काय झालं कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी घरात बसून लोकांचे अर्ज, थिसिस, लग्नपत्रिका टाईप करून द्यायला लागले. त्यावर आमचं भागायचं, कसंतरी. हिरवा पडदा भंगारवाल्यानं नेला.

आणि मी घरी राहिले. मला वाटलं होतं, मी जवळ असले की काहीतरी फरक पडेल. काय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी. चार वर्षं हे तसेच पडून होते. दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस. पाठीची जखम कधी भरायची, कधी परत उघडायची. बोलणं आणखी कमी झालं. 'नको' राहिलं सगळ्यात शेवटपर्यंत. मी समोर बसून बडबडायची, मला गप्प बसता येत नाही. ते ऐकायचे की नाही, देव जाणे. दुपारी बहुतेक झोपलेले असायचे आणि मी त्यांच्याकडं बघत बसायची, की आता मी इथंच आहे, आता माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही.

ते गेले ते एका दुपारी. मी पलंगापासून दोन हातांवर खाली बसून तांदूळ निवडत होते. रेडिओ लावलेला होता. बाराला उजवी कूस करून दिली होती. दोनला डावीवर वळवायला उठले आणि हात लावला तर अंग गार लागलं. म्हणजे मध्ये कधीतरी. बारा आणि दोनच्या मध्ये, मी तिथंच असताना. कुठल्या क्षणी ते मला आजही सांगता येत नाही. ते माझ्याकडं तोंड करून होते, आणि मी खाली मान घालून खडे वेचत होते.

वहिनी धावत आल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुम्ही जवळ होता."

मी हो म्हटलं. ताटातले तांदूळ तसेच अर्धे निवडलेले राहिले होते, ते कुणीतरी उचलून आत ठेवले.